अंड्यांचा खाडा

कोंबडीच्या पोटात एक अंडे घडायला साधारण पंचवीस तास लागतात आणि दिवस असतो चोवीस तासांचा. आज सकाळी सातला आलेले अंडे उद्या आठ-साडेआठला येते, परवा दहाच्या सुमारास. असे सरकत सरकत दुपार गाठली की क्रम तुटतो, कारण दुपारनंतर कोंबडीचे शरीर सहसा नवा बलक सोडत नाही. मग एक दिवस खाडा, आणि त्यानंतर भल्या सकाळी पुन्हा सुरुवात. हा खाडा तिच्या हक्काचा आहे. परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्याने तो मनावर घेऊ नये.

चिंता करायची ती दुसऱ्या खाड्याची. पंधरा दिवस झाले, महिना झाला, टोपली रिकामीच. कोंबडी मात्र धडधाकट, उकिरडा उकरते आहे, दिवसभर कॉक-कॉक करते आहे, दाणे टाकले की सर्वांत आधी धावते आहे. अशा वेळी घरात दोन मते पडतात: कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते रविवारी कापू या. दोन्हींच्या आधी गेल्या महिन्यात तिने काय खाल्ले ते आठवून पाहावे. परसातली कोंबडी उपाशी क्वचितच असते. तिचे पोट भरलेले असते, पण अंड्याला जे लागते ते त्या पोटात नसते.

अंड्याच्या वाटेवरचा वेळ पाहिला की हे पटते. कोंबडीचे डावे अंडाशय तेवढे कामाचे. उजवे गर्भावस्थेतच वाढायचे थांबते. तिथून सुटलेला बलक अंडनलिकेत उतरतो. तीनेक तासांत त्याभोवती पांढरा भाग चढतो, पुढच्या तास-सव्वा तासात दोन पातळ पडदे. उरलेले जवळजवळ वीस तास नुसते कवच चढवण्यात जातात. हे कवच पाच-सहा ग्रॅमचे असते, जवळपास सगळे कॅल्शियम कार्बोनेट. त्यात शुद्ध कॅल्शियम दोन ग्रॅमच्या आसपास. खाल्लेले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, निम्मेच लागते असे धरले तर रोज अंडे घालणाऱ्या कोंबडीच्या पोटात दिवसाला चारेक ग्रॅम कॅल्शियम जायला हवे.

आता आपण तिला काय देतो ते पाहा. तांदळाची कणी, ज्वारी, बाजरी, शिळी भाकरी, कोकणात भात. तांदळात शंभर ग्रॅमला कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे नसल्यातच जमा. ज्वारी-बाजरीची गोष्ट फार वेगळी नाही. कॅल्शियमसाठी जिचे गोडवे गायले जातात ती नाचणीसुद्धा शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास देते. कोंबडी दिवसभरात खाते शंभर-सव्वाशे ग्रॅम. सगळी नाचणीच घातली तरी गरजेचा दहावा हिस्साही धड भरत नाही. धान्यावर कवच होत नाही, हा साधा हिशोब आहे.

मग गावठी कोंबडी इतकी वर्षे कशी भागवत आली? एक तर ती अंडी घालतेच थोडी. बारा-पंधरा अंडी घालायची, खुडूक व्हायचे, एकवीस दिवस उबवायची, पुढे दोन-अडीच महिने पिल्ले हिंडवायची आणि मग पुढची पाळी. वर्षात अशा तीन-चार पाळ्या, म्हणजे पन्नास-साठ अंडी. दोन पाळ्यांमधल्या महिन्यांत ती गोगलगायी, किडे, पडक्या भिंतीचा चुना, हाडकांचे तुकडे टिपत झीज भरून काढते. तिचे रानातले पूर्वज, म्हणजे लाल रानकोंबड्या, वर्षाकाठी डझन-दीड डझनावर थांबतात. गावठी कोंबडी त्या मानाने दानशूरच.

अडचण सुरू झाली ती सुधारित जाती परसात आल्यावर. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज आणली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराज आणि ग्रामप्रिया. रंगीत पिसे, दणकट पाय, मोकळ्यावर चरण्याची सवय, आणि वर्षाला शंभराच्या पुढे अंडी. महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतून आठ ते दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट अनुदानावर मिळू लागला. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटींवर गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. या पक्ष्यांनी गावोगावच्या अंगणांत पाऊल टाकले, पण ताटात गावठीचेच जेवण राहिले. दुप्पट अंड्यांचे रक्त असलेल्या कोंबडीला मूठभर कणी टाकायची आणि चार महिन्यांनी जात खोटी निघाली म्हणून बोटे मोडायची, हे मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. जात खोटी नसते. तिने कोठार उपसलेले असते.

हे कोठार खरोखरचे आहे. तलंग अंड्यावर यायच्या दोनेक आठवडे आधी तिच्या पायांच्या पोकळ हाडांत एक वेगळेच, जाळीदार हाड भरू लागते. त्याचा उपयोग एकच: कवचासाठी कॅल्शियमची उचल. कवच मुख्यतः रात्री चढते, तेव्हा कोंबडी झोपलेली आणि पोट रिकामे होत आलेले. मग ती या हाडातून उचल घेते आणि दुसऱ्या दिवशीच्या चाऱ्यातून फेडते. फेड झाली नाही की आधी कवच पातळ होते, मग नुसत्या पडद्यातले लिबलिबीत अंडे येते, मग अंडे बंद. बंद होणे हेच शहाणपणाचे. न थांबता घालत राहिली तर पायांत बळ उरत नाही आणि कोंबडी बसते ती उठत नाही. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट: २००५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांनी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सापडलेल्या टिरॅनोसॉरस या डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात याच जातीचे हाड असल्याचे दाखवले, आणि त्यावरून ती मादी असून अंडी घालण्याच्या बेतात होती असा निष्कर्ष काढला. आपल्या उकिरड्यावरच्या कोंबडीची ही सवय बरीच जुनी आहे.

उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांची किंवा चुनखडीची जाडसर भरड एका वेगळ्या भांड्यात कायम भरून ठेवायची. दाण्यात मिसळायची नाही. अंड्यावरची कोंबडी आपल्याला हवे तेवढे स्वतःच खाते, त्यातही दुपार कलल्यावर अधिक. आणि नर, तलंगा तिकडे फारसे फिरकत नाहीत. भरड जाडसर हवी, कारण पीठ लगेच पुढे सरकते आणि खडे पोटात सावकाश विरघळत रात्रभर पुरतात. कोकणात तिसऱ्या-कालवांची टरफले घरातच असतात, ती धुऊन, वाळवून, कुटून चालतात. अंड्याची टरफलेही चालतात, मात्र भाजून, बारीक चुरून. अर्धे टरफल तसेच टाकले की कोंबडीला अंडे हा खाण्याचा पदार्थ असल्याचा शोध लागतो, आणि हा शोध ती विसरत नाही. कळीचा चुना, पानाचा चुना मात्र चुकूनही देऊ नये. तोंड आणि आतडे भाजते. उलट बाजूची चूकही होते. लेअर मॅश म्हणून मिळणाऱ्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. ते अंड्यावर न आलेल्या पिल्लांना महिनोन्‌महिने घातले तर त्यांची मूत्रपिंडे खराब होतात. एका गोणीत सगळ्यांचे भागवायचा मोह इथे महागात पडतो.

कॅल्शियमनंतर प्रथिने. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि अंड्यावरच्या सुधारित कोंबडीच्या खाद्यात सोळा-सतरा टक्के तरी लागतात. तांदळात सात-आठ, मक्यात नऊ, बाजरीत अकरा. म्हणजे नुसत्या धान्यावर राहिलेल्या कोंबडीला प्रथिने कमी आणि पिष्ट जास्त मिळते. जास्तीचे पिष्ट पोटाखाली आणि यकृतावर चरबी होऊन साठते. अशी कोंबडी हातात घेतली की जड, गुबगुबीत लागते, मालक खूश असतो, आणि अंडी नसतात. दाणे कमी करा म्हटले की लोकांना वाटते आपण कंजूषपणा शिकवतो आहोत.

पावसाळ्यात आणि सुगीनंतर हे सहसा लक्षात येत नाही, कारण अंगणच भरपूर वाढत असते: गांडुळे, नाकतोडे, वाळवी, कोवळे गवत. कोंबडीचे खरे हाल मार्च ते मे. जमीन टणक, किडा नाही, हिरवे पान नाही. याच महिन्यांत बाहेरून प्रथिने द्यायला हवीत, आणि याच महिन्यांत ती दिली जात नाहीत. सोयापेंड, शेंगदाणापेंड यांत चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत प्रथिने असतात. पण दोन्हींत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते, आणि अंड्याच्या आकाराला व पिसांना नेमके तेच लागते. तीळपेंडेत ते भरपूर. सुक्या जवळ्यात, मासळीच्या चुऱ्यातही. म्हणून पेंडेसोबत मूठभर जवळा हा किनाऱ्यावरच्या बायकांचा जुना प्रघात शास्त्राच्या कसोटीलाही उतरतो. फक्त जवळा फार खारट असेल तर धुऊन घ्यावा. काही ठिकाणी मडक्यात ओले शेण, गोणपाट, काटक्या भरून ते वारुळाजवळ रात्रभर उलटे ठेवतात आणि सकाळी त्यात जमलेली वाळवी कोंबड्यांपुढे झटकतात. अझोल्याबद्दल सध्या फार बोलले जाते. तो चांगलाच आहे, बलकाला रंगही आणतो, पण नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असलेल्या वनस्पतीवर अंड्यांची भिस्त ठेवणे मला पटत नाही. शेवग्याचा सुकवलेला पाला त्यापेक्षा खात्रीचा.

बलकाच्या रंगाचे एक सांगून टाकतो. गर्द केशरी बलक म्हणजे पौष्टिक अंडे, असा शहरी ग्राहकाचा समज आहे, आणि त्यासाठी तो दुप्पट पैसे मोजतो. रंग येतो पिवळा मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांतल्या रंगद्रव्यांतून. पांढऱ्या ज्वारीवरची धडधाकट कोंबडी फिकट बलक देते. कवच तपकिरी की पांढरे हे तर केवळ जातीवर ठरते. काळ्या मांसाच्या कडकनाथचे अंडेही काळे नसते. फिकट बदामी असते.

पेंडेचा विषय निघाला की बुरशीचा निघायलाच हवा. १९६० मध्ये इंग्लंडात टर्कीची हजारो पिल्ले पटापट मेली, आणि दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणापेंडेत. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने तयार केलेल्या त्या विषाला पुढे ॲफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आपल्याकडे ही बुरशी जुलै-ऑगस्टात ओलसर भिंतीला टेकवलेल्या पोत्यात आपोआप येते, मक्यावर आणि पेंडेवर सारख्याच प्रेमाने. विषाची मात्रा थोडी असेल तर कोंबडी मरत नाही. तिचे यकृत मात्र बिघडते, आणि बलकातली चरबी यकृतातच बनत असल्यामुळे अंडी घटतात, लहान येतात. घरच्या माणसाला न चालणारी बुरसट भाकरी, लागट पेंड कोंबडीला टाकणे ही आपल्याकडची काटकसर आहे. ती मोडावी. पोती फळीवर ठेवावीत, भिंतीपासून वीतभर दूर, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे.

इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांत अंडी घटण्याचे पहिले कारण प्रकाश दिलेले असते. ते त्यांच्यासाठी खरे आहे. कोंबडीचा मेंदू कवटीतून झिरपणारा उजेड थेट ओळखतो, आंधळ्या कोंबडीलाही दिवसाची लांबी कळते, आणि अंड्यांचा जोर चौदा-सोळा तासांच्या उजेडात असतो. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांच्या खाली जातो. महाराष्ट्रात तो अकरा तासांच्या आसपास राहतो आणि जूनमध्ये तेरा तासांच्या थोडा वर. त्यामुळे थंडीत आपल्याकडेही अंडी थोडी कमी होतात, पण खुराड्यात दिवा लावायची घाई नको. लावायचाच तर पहाटे लावावा. संध्याकाळी दिवा अचानक विझला की कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात अडकतात.

आपला शत्रू उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही. पारा बत्तीस-तेहतीसच्या वर गेला की ती चोच उघडून धापा टाकते, आणि विदर्भात तो पंचेचाळीसला टेकतो. धापांबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्तातले बायकार्बोनेट घटते, आणि कवचातले कार्बोनेट येते ते त्यातूनच. म्हणजे कॅल्शियम पुरेसे असूनही मे महिन्यात कवच पातळ येऊ शकते. १९८० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी उन्हाळ्यात कोंबड्यांना चक्क सोडा वॉटर पाजून पाहिले होते आणि कवच सुधारले होते. परसात तेवढी चैन करायचे कारण नाही. खाणे पहाटे आणि दिवस मावळताना द्यावे, दुपारी नाही. आणि पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. अंड्याचा सुमारे पाऊण भाग पाणीच असतो. कोंबडी खाण्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हात त्याहून बरेच जास्त. एक दिवस भांडे कोरडे राहिले तर त्याची शिक्षा पुढे कित्येक दिवस मिळते. घरचे लग्नाला गेले आणि शेजारी विसरला, एवढे कारण पुरते.

वर्षातून एकदा कोंबडी पिसे गाळते, सहसा पावसाळा सरताना किंवा थंडीच्या तोंडाला. मानेपासून सुरुवात होते, अंगणभर पिसे उडतात, कोंबडी भिकार दिसू लागते, आणि दोन-तीन महिने अंडी थांबतात. पीस म्हणजे जवळपास सगळे प्रथिनच, त्यामुळे तिला या दिवसांत कवचापेक्षा पिसांची काळजी असते. औषध नको. पेंड आणि जवळा थोडा वाढवावा आणि वाट पाहावी.

खाण्याची आणखी एक अडचण चाऱ्यात नसून भांड्यात असते. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांमधली उतरंड शास्त्रीय रीतीने मांडली: कोण कोणाला टोचू शकते याचा क्रम पक्का असतो. गावठी आणि गिरिराज एकत्र सोडल्या की हा क्रम थेट पोटावर येतो. एकाच परातीत खाणे टाकले तर दोन दांडग्या कोंबड्या निवडून निवडून दाणे खातात आणि खालच्या क्रमांकाच्या तिघी नंतर उरलेला भुगा टिपतात. मालकाला सरासरी बरोबर दिसते. दोन किंवा तीन भांडी हवीत, एकमेकांपासून दूर, शक्य तर मध्ये आडोसा.

अंडी येतात पण सापडत नाहीत, हाही खाडाच म्हणायचा. मोकळी कोंबडी गव्हाणीत, पेंढ्यात, निवडुंगाच्या कुंपणात घालून येते. तिला दहा-साडेदहापर्यंत कोंडून ठेवले आणि अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टोपलीत अंड्याएवढी गारगोटी ठेवली की चार दिवसांत ती वळणावर येते. नाही आली तर मुंगसाचा किंवा सापाचा संशय घ्यावा. रोगानेही खाडा पडतो, म्हणून मानमोडीची लस चुकवू नये. त्या रोगातून वाचलेल्या कोंबड्यांची अंडी कित्येक आठवडे वेडीवाकडी येतात किंवा येतच नाहीत. मोकळ्यावर चरणाऱ्यांना दर तीनेक महिन्यांनी जंताचे औषधही हवे.

हे सगळे ठीक असूनही एखादी घालत नसेल तर ती कोणती, हे ओळखायची रीत सोपी आहे. कोंबडी उचलून शेपटीखाली हात लावावा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक, टोकदार हाडे लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे बसत असतील, कातडी मऊ आणि द्वार ओलसर असेल तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम बसले आणि सगळे कोरडे, आवळलेले लागले तर ती थांबलेली आहे. पिवळ्या पायांच्या जातींत आणखी एक खूण: बरीच अंडी घातलेल्या कोंबडीचे पाय आणि चोच फिकट पडतात, कारण तिथला पिवळा रंग बलकात गेलेला असतो. ऐन मोसमात हळदीसारखे पिवळेधमक पाय मिरवणारी कोंबडी फुकट खात असते.

मात्र थांबलेली कोंबडी गावठी असेल, टोपलीत फुगून बसत असेल आणि हात नेला की टोचत असेल, तर ती खुडूक आहे. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा तो अंमल असतो. त्यावर पाण्यात बुडवणे, नाकपुडीत पीस खुपसणे असले क्रूर उपाय करतात. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवले तरी ती उतरते. पण तिला उतरवायची घाई कशाला? गिरिराज, वनराज या अंड्यांच्या मागे लागलेल्या जाती स्वतः क्वचितच खुडूक होतात. परसात नर असेल तर त्यांची दहा-बारा ताजी अंडी या गावठीखाली रात्री हळूच सरकवावीत. पुढच्या पिढीत संकराचा जोर थोडा ओसरतो, अंडी आईएवढी मिळत नाहीत, तरी विजेशिवाय पिल्ले मिळतात. बसवताना टोपलीजवळ पाणी आणि धान्य ठेवावे. या एकवीस दिवसांत मात्र तिला शिंपल्यांची गरज नाही, नुसती ज्वारी चालते.